चार भोकांचं चाक

साऱ्या खानदेशात चंद्रावरच्या गाड्यांची नाडी पाहणारा डॉक्टर एकच होऊन गेला, आणि तो नात्याने माझा चुलत दीर होता. मागच्या सुट्टीत तुम्ही जळगावला आलात तेव्हा माझ्या पुस्तकांच्या कपाटातल्या निळ्या गाडीला मी हात लावू दिला नाही, म्हणून दोघंही रुसला होतात. "आजी, खेळणंच तर आहे," असं तुमच्यातलं धाकटं म्हणालं. खेळणंच आहे, कबूल. पण ती ज्यांची, त्या धुळ्याच्या भाऊजींसमोर तुम्ही असं म्हणाला असतात, तर त्यांनी तुम्हाला समोर बसवून, चष्मा कपाळावर चढवून, गाडी उताणी करून तिच्या पोटावरचे आकडे वाचायला लावले असते आणि जेवायची वेळ टळून गेली तरी सोडलं नसतं. म्हणून ही हकीकत लिहून पाठवते आहे. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून आणि क्रमाने सांगायची खोड आहे. भाऊजींच्या बाबतीत ते जमेलच असं नाही.

भाऊजी गुरांचे डॉक्टर होते. सरकारी नोकरीत पिंपळनेर, शिंदखेडा, चोपडा अशी गावं फिरून शेवटी ते धुळ्यात स्थिरावले. उंच, किंचित वाकलेले, कायम शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, कारण कोणत्या क्षणी कुणाच्या गोठ्यात हात घालावा लागेल याचा नेम नसे. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते गुरांच्या बाजूने बघत. नवी सून घरी आली की ती कशी आहे असं विचारल्यावर म्हणत, "शांत आहे, नजर चांगली आहे." आमच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कान लावून ऐकलं आणि "रवंथ व्यवस्थित चाललंय" असा निर्वाळा दिला. तुमच्या आजोबांना ताप आला तर भाऊजी आधी कपाळाला हात लावण्याऐवजी कानाच्या पाळीला लावत. आजोबा चिडून म्हणायचे, "अरे, मी माणूस आहे!" त्यावर भाऊजी गंभीरपणे म्हणायचे, "दादा, ताप कुणाचाही असो, कान खोटं बोलत नाहीत."

असा हा माणूस खेळण्यातल्या गाड्यांच्या नादी लागला तो भुसावळला. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पूर्वी अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशी त्यांची माणसं. साठ-सत्तरच्या दशकांत त्यातली बरीचशी इंग्लंडला नाहीतर ऑस्ट्रेलियाला निघून गेली आणि जाताना बोटीत न मावणारं सामान मागे टाकून गेली. त्यांच्या खुर्च्या, पियानो, केकचे साचे वर्षानुवर्षं तिथल्या जुन्या बाजारात फिरत राहिले. ऐंशीच्या सुमारास भाऊजी या बाजारात वेताची आरामखुर्ची घ्यायला म्हणून गेले आणि परत आले ते हातरुमालात बांधलेली एक बोटभर लांबीची हिरवी गाडी घेऊन. तिला पुढे चोच होती, मागे पंख होते, वर काचेचा घुमट होता आणि घुमटाच्या आत दाण्याएवढा माणूस बसलेला होता. "वहिनी," ते मला म्हणाले, "हे जनावर मी आजवर पाहिलेलं नाही."

पुढे कळलं ते असं. इंग्लंडात त्या काळी टीव्हीवर मुलांसाठी मालिका लागत, माणसं चंद्रावर वस्ती करतात, समुद्राच्या तळाशी जातात, परग्रहावरच्या लोकांशी लढतात अशा. त्या मालिकांमधल्या वाहनांची खेळणी तिथले कारखाने काढत, धातूची, वजनदार, अगदी हुबेहूब. ती भुसावळच्या मुलांना विलायतेतले काका-मामा पाठवत. गंमत अशी की तेव्हा भुसावळला टीव्हीच नव्हता. त्या मुलांनी ती मालिका पाहिलेली नव्हती, विकणाऱ्याने पाहिलेली नव्हती आणि घेणाऱ्या आमच्या भाऊजींनी तर मुळीच नव्हती. पण न बोलणाऱ्या रोग्याचं दुखणं ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला याचं काय विशेष? भाऊजी गाडी हातात घेत, आधी चारी बाजूंनी नुसती बघत, मग पाठीवरून हात फिरवत, उताणी करून पोटावरचा ठसा वाचत. कारखान्याचं नाव आणि साच्याचा आकडा तिथे उठवलेला असे. ते त्याला "कानातला बिल्ला" म्हणत. मग टायर चिमटीत धरून झीज पाहत आणि वय सांगत. "चारदाती आहे. फार खेळलेली नाही. मालक प्रेमळ असावा." एका मोठ्या गाडीचं मागचं दार उघडून आतून छोटी गाडी बाहेर यायची, तिची नोंद त्यांनी "गाभण" अशी केली होती. दुसऱ्या एका गाडीची कळ दाबली की पुढून प्लॅस्टिकची टोकदार काडी सुटायची. ते क्षेपणास्त्र आहे हे माझ्यासारख्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईलाही कळत होतं, पण भाऊजींचं निदान वेगळं होतं. "वहिनी, तुम्ही लगेच लढाईवर जाता. हे लांबून द्यायचं इंजेक्शन आहे. पिसाळलेल्या जनावराजवळ जायचं नसतं ना, त्यासाठी." मग मला वाटू लागे की असेलही बाई, चंद्रावर कोण बघायला गेलंय.

त्यांची ही ख्याती खेड्यापाड्यात पसरली. शिंदखेड्याकडचा एक शेतकरी म्हैस दाखवायला आला तो पिशवीतून काहीतरी काढून म्हणाला, "डाक्टर, पाहा बरं, हाई चांदवरली शे का?" तो होता फवारणीच्या पंपाचा पितळी नळ, नांगरटीत सापडलेला. भाऊजींनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तो फिरवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "नाही भाऊ, ही इथलीच आहे. पण बांधा चांगला आहे, जपून ठेव." तो माणूस इतका खूश होऊन गेला की म्हैस दाखवायची विसरला आणि संध्याकाळी परत आला.

घरात मात्र ही ख्याती चालत नसे. माझी जाऊ साक्रीकडची, बोलायला रोखठोक. ती मला अक्का म्हणे आणि नवऱ्याला चारचौघांत सरळ "डॉक्टर" अशी हाक मारी. काचेचं एकुलतं एक कपाट गाड्यांनी भरल्यावर तिने त्याचं नाव "गोठा" ठेवलं. मी धुळ्याला गेले की ती मला हाताला धरून त्या कपाटापुढे उभी करायची. "अक्का, बठ्ठं कपाट गाड्यास्नी भरी गयं. आते मन्या साड्या काय गोठामा बांधू?" भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "साड्यांना दावं लागत नाही. कुठेही राहतात." मग जी जुंपायची, ती चहा येईपर्यंत. पण हीच जाऊ पोळ्याला काय करायची ते ऐका. पोळा हा बैलांचा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेला-तुपाने चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." म्हणजे आज आमंत्रण घ्या, उद्या जेवायला या. भाऊजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचे बैल बरे केले, पण स्वतःच्या दारात बैल कधी नव्हता. म्हणून आदल्या दिवशी ते सगळ्या गाड्या ओळीने सतरंजीवर मांडत, शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक आसाला घालत आणि खाली वाकून एकेकीला आवतण देत. दुसऱ्या दिवशी जाऊबाई बोटाच्या पेराएवढ्या पुरणपोळ्या करून बशीत ठेवी. मी एकदा म्हटलं, "काय गं, तूसुद्धा?" तर फणकाऱ्याने म्हणाली, "डॉक्टरनं आवतन देल शे ना? मंग? उपाशी ठेवू का?"

भाऊजींच्या मनात एकच सल होता: या गाड्या चालताना कशा दिसतात ते एकदा तरी बघायचं. त्यांचा अमेरिकेतला पुतण्या येणार होता, त्याला त्यांनी मालिकेची कॅसेट आणायला सांगितली. कॅसेट आली. भाऊजींनी व्हीसीआर भाड्याने आणला, गल्लीतल्या सगळ्यांना आमंत्रण दिलं, आम्हीही जळगावहून एसटीने गेलो. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून पाट आणले. कॅसेट घातली, आणि पडद्यावर काळे-पांढरे पट्टे खालून वर धावू लागले. अमेरिकेची कॅसेट आपल्याकडच्या टीव्हीवर नीट दिसत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? आवाज मात्र खणखणीत. स्फोट, भोंगे, इंग्रजी आरडाओरडा. लोक चुळबुळ करू लागले, तेव्हा भाऊजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मान डावीकडे टाका. तिरपं बघितलं की दिसतं." आणि काय सांगू, साऱ्या गल्लीने मान डावीकडे टाकली. तुमच्या बाबालाही विचारा, तोही होता. मधूनच भाऊजी ओरडायचे, "ती बघा! ती गाभणवाली गेली!" आणि सगळे "हो हो, गेली" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीची मान आखडलेली होती, आणि भाऊजींनी सगळ्यांना गुरांना लावायचं मलम फुकट वाटलं. त्याने गुण आला, हेही खरं.

आता तुमच्या निळ्या गाडीकडे येते.

ही गाडी भाऊजींना भुसावळच्याच बाजारात, जुन्या चहाच्या किटलीत सापडली. सहा चाकांची, वर लाल घुमट, पुढे तीन दाते. त्या दात्यांना भाऊजी तिफण म्हणत, कारण चंद्रावर वस्ती करायची तर आधी पेरणी करावी लागणार, हे त्यांना उघड दिसत होतं. अशा सहाचाकी गाड्या त्यांच्याकडे आधीच्याही होत्या. पण हिचं पुढचं उजवं चाक निराळं होतं. बाकीची पाच चाकं रबरी, आणि हे काळंभोर, चकचकीत, कडक. मधोमध आस आणि आसाभोवती नेटकी चार भोकं. इतर चाकांहून ते केसभर मोठं असल्याने गाडी चालताना जरा झोके घेई. मी म्हटलं, "भाऊजी, ही लंगडते." ते जवळजवळ रागावले. "वहिनी, लंगडणं वेगळं आणि चाल वेगळी. ही हिच्या जातीची चाल आहे."

जातीची! तो शब्द त्यांच्या डोक्यात बसला. म्हशींमध्ये मुऱ्हा आहे, जाफराबादी आहे, पंढरपुरी आहे, नागपुरी आहे. धुळ्याच्या नावाने कुठलीच जात नाही, ना गाईची, ना म्हशीची, ना कोंबडीची, याचं त्यांना नोकरीभर वाईट वाटत आलं होतं. इंग्लंडहून अशा गाड्या जमवणाऱ्यांचं एक पातळसं त्रैमासिक त्यांच्याकडे जहाजाने यायचं. त्यात कुणाकडे वेगळ्या रंगाची, वेगळ्या चाकाची गाडी निघाली की तो नवा प्रकार म्हणून छापत आणि ज्या गावी सापडला त्या गावाचं नाव देत. भाऊजींनी ठरवलं, या चार भोकांच्या चाकाला धुळ्याचं नाव मिळवून द्यायचं. त्यांनी स्वतः लिहिलेलं इंग्रजी टिपण माझ्याकडे दुरुस्तीला आलं, तेव्हा त्यात मजकूर होता तो असा: नमुना सहा पायांचा, तब्येत उत्तम, डोळ्यांत तेज, नाकातून स्राव नाही. मी ते माणसांच्या इंग्रजीत आणलं. फोटोसाठी ते धुळ्याच्या एका स्टुडिओत गेले. फोटोग्राफरने मखमली स्टुलावर गाडी ठेवून मागे काश्मीरच्या सरोवराचा पडदा सोडला आणि विचारलं, "पासपोर्ट की पोस्टकार्ड?" भाऊजी म्हणाले, "दोन्ही. आणि उजवा कान नीट आला पाहिजे."

तीन-चार महिन्यांनी उत्तर आलं. असं चाक त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. ते कशाचं बनलं आहे एवढं कळवलं, तर 'धुळे प्रकार' या नावाने पुढच्या अंकात फोटोसह छापू, असं संपादकांनी लिहिलं होतं. भाऊजी ते पत्र घेऊन एसटीने जळगावला आले. दारातूनच म्हणाले, "वहिनी, धुळ्याला जात लाभली!" त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे श्रीखंडाच्या तीन वाट्या खाल्ल्या, आणि आजोबांच्या कानाची पाळी न पाहताच ते ठणठणीत असल्याचं सांगून टाकलं.

राहिला प्रश्न चाक कशाचं याचा. भाऊजींनी ते कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांना दाखवलं; ते म्हणाले, जुनं प्लॅस्टिक असेल. टायरच्या दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, रबर नाही एवढं नक्की. खरवडून किंवा जाळून बघा, असं कुणी सुचवलं की भाऊजी गाडी खिशात घालत. "जिवंत नमुन्याला डाग देत नाहीत." त्यांचा स्वतःचा कल असा होता की चंद्रावरच्या थंडीत न तडकणारा हा काही खास पदार्थ असावा.

हे सगळं नव्वद सालानंतरचं. त्याच हिवाळ्यात माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मला निरोप धाडला. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत जन्मलेली एक बाई ऑस्ट्रेलियाहून आली आहे, लहानपणचं घर आणि आजीची कबर बघायला. तिला एक दिवस तुमच्याकडे जेवायला पाठवू का? तुमचं इंग्रजी चांगलं आहे. मी आनंदाने हो म्हटलं, आणि भाऊजींना कळवलं. भुसावळची असं कळल्यावर ते राहतात होय? जाऊबाईला घेऊन पहिल्या गाडीने हजर. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात कापूस आणि कापसात निळी गाडी. पारोळ्यापासून एक बाई डब्यात काय आहे असं विचारत होती म्हणे, आणि जाऊबाईने तिला सांगितलं होतं, "डॉक्टरनं वासरू शे."

पाहुण्या बाई तिशीच्या, मोकळ्या, हसऱ्या. हिंदी अजून येत होतं, पण नऊ वर्षांच्या मुलीचं हिंदी, त्यामुळे त्या आजोबांनासुद्धा "ए, तू" म्हणत होत्या, आणि आजोबांना ते फार आवडलं. जेवण होईपर्यंत भाऊजींनी कसाबसा धीर धरला. मग हात धुऊन त्यांनी डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि मला म्हणाले, "वहिनी, विचारा. हे चाक त्यांच्या पाहण्यात कधी आलं होतं का?"

मला विचारावं लागलंच नाही. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी गाडी उचलली नाही, फक्त त्या काळ्या चाकावर एक बोट टेकवलं. "डॅडीचं बटण," त्या म्हणाल्या.

हळूहळू सांगितलं त्यांनी. मी मराठीत करत गेले. गाडी त्यांची होती. इंग्लंडच्या मामांनी पाठवलेली. प्लॅटफॉर्मवर खेळताना चाक निखळून रुळांत पडलं आणि त्या रडरड रडल्या. वडील मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीचा काळा कोट अंगात होता, त्याचं मधलं बटण त्यांनी तिथल्या तिथे तोडलं, घरी आल्यावर खिळा तापवून बटणाच्या बरोबर मध्ये भोक पाडलं आणि आसावर बसवलं. "घरभर वास सुटला होता, केस जळल्यासारखा. आई इतकी ओरडली! आणि डॅडी पुढे तो कोट तसाच घालायचे, मधे उघडा. नवं बटण कधी लावलंच नाही. म्हणायचे, ते बटण गाडीवर गेलंय."

"केस जळल्यासारखा?" भाऊजींनी मान वर केली. हा एवढा शब्द त्यांनी माझ्या भाषांतराची वाट न पाहता पकडला होता. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, सुई गॅसवर धरून लाल केली आणि परत येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, जिवंत नमुन्याला डाग दिला. चाकाच्या आतल्या कडेला, दिसणार नाही असा. धुराची बारीक रेघ आली. भाऊजींनी वास घेतला. वासरांची शिंगं डागण्यात ज्याची निम्मी नोकरी गेली, त्याला दुसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती.

"म्हैस," ते म्हणाले.

मग आजोबांनी विचारलं, "केवढ्या वयाची रे?"

"आता ते कसं सांगू, दादा? बटणाला दात नसतात."

आणि तिथे जो हशा पिकला, त्यात सगळ्यांत मोठ्याने जाऊबाई हसत होती. "इतला वरीस म्हशीस्ले हात लाया, आनि घरनी म्हैस वळखता उनी नही!" पाहुण्या बाईंना मी समजावून सांगितलं, तर त्याही डोळे पुसत हसू लागल्या. भाऊजीही हसले. पण मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात त्या रिकाम्या डब्यातला कापूस उगाच नीट करत होता.

आजोबांच्याही ते लक्षात आलं असावं. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "हे बघ, त्या परवा निघून जातील. इंग्लंडचे लोक काही धुळ्याला चाक तपासायला येत नाहीत. शिंगाचं चाक आहे एवढंच लिहून टाक. खोटं थोडंच आहे? छापून येऊ दे धुळ्याचं नाव."

भाऊजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "दादा, भाकड म्हैस गाभण आहे असा दाखला मी कधी दिला नाही. तालुक्याचे पुढारी दारात येऊन बसले, तरी दिला नाही. आता सहा चाकांसाठी देऊ?" मग गाडी पुन्हा कापसात ठेवत म्हणाले, "आणि लंगडतच होती ती. वहिनींनी बघितल्याबरोबर सांगितलं होतं."

बाई परत आल्यावर भाऊजींनी डबा त्यांच्यापुढे सरकवला. "घेऊन जा. तुमची आहे." हे इंग्रजी त्यांनी स्वतःचं स्वतः जुळवलं. बाईंनी मान हलवली. गाडी तुम्ही सांभाळलीत, ती तुमची, असं त्या म्हणाल्या. मग लहान मुलीसारखं, चाचरत, हिंदीत विचारलं, "सिर्फ बटन मिलेगा?"

म्हणजे बघा मुलांनो, भाऊजींनी ज्याला जगात तोड नाही असं समजून जपलं, ते खरोखरच जगात एकच होतं. फक्त कारण वेगळं निघालं.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया झाली. भाऊजींनी चिमटा आणि सुया पाण्यात उकळून घेतल्या. मला दिवा धरायला लावलं, आणि पाहुण्या बाईंना गाडीचा घुमट दोन बोटांत धरायला लावून म्हणाले, "डोकं घट्ट धरा, उधळेल." मी हे भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी खरंच घट्ट धरलं. आसाचं वाकलेलं टोक सरळ करताना भाऊजी गाईशी बोलावं तसं गाडीशी बोलत होते. "हो, हो, झालं बाळा, झालंच." बटण निघालं. त्यांनी ते स्पिरिटने पुसून, कापसात गुंडाळून, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून बाईंच्या हातात दिलं. बाटली मुठीत धरूनच त्या गेल्या.

इंग्लंडला दुसरं पत्र मीच लिहिलं, भाऊजींनी सांगितलं तसं. चाक म्हशीच्या शिंगाचं असून ते मूळचं नाही, मुलीसाठी बापाने बसवलेलं आहे, सबब नव्या प्रकाराची नोंद करू नये. पुढच्या अंकात फोटो काही आला नाही. शेवटच्या पानावर एका बारीक चौकटीत मात्र धुळ्याच्या पशुवैद्यांच्या या पत्रातल्या दोन ओळी छापून आल्या. भाऊजींनी मला फोन केला. "वहिनी, जात गेली, पण म्हैस छापून आली."

पाच चाकांची गाडी गोठ्यात तशीच एका बाजूला कलून उभी होती. भाऊजी धुळ्यातल्या शिंप्यांकडे सुई तापवून फिरले; सगळी बटणं प्लॅस्टिकची. म्हशीचं बटण आता कोण वापरतो? मग पोळा आला. आदल्या दिवशी ते गाड्या सतरंजीवर मांडायला गेले, तो निळी गाडी सहा चाकांवर सरळ उभी. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला त्यांचा एकुलता एक तपकिरी कोट होता, त्याचं मधलं बटण जाऊबाईने कापून, खिळा तापवून, आसावर ओवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. भाऊजींनी विचारलं, तर म्हणाली, "कोट तुम्ही कोठे घालतस? पडेलच शे." त्या हिवाळ्यापासून भाऊजी प्रत्येक लग्नाला तो कोट घालून जायला लागले, मधे उघडा. आणि कुणी म्हटलंच, "डॉक्टर, बटण कुठे गेलं?" तर ते काय सांगत असतील, ते तुम्हाला आता सांगायला नको.

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. जाऊबाई मुलाकडे पुण्याला राहायला गेली तेव्हा बाकीच्या गाड्या नातवंडांत वाटल्या आणि ही माझ्याकडे आणून दिली. "अक्का, तुन्हाकडे बठ्ठं जागच्या जागी ऱ्हास," म्हणाली. म्हणून मी हात लावू देत नव्हते. पुढच्या खेपेला याल तेव्हा देईन. उताणी करून पोटावरचा आकडा वाचा, घुमटातला माणूस बघा, आणि टेबलावर चालवून तिची चालही बघा. नवं चाकही केसभर मोठंच आहे.

आणि शक्य झालं तर पोळ्याला या. आदल्या दिवशी दुपारी मी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब तिच्या आसांना घालते. तेवढ्यात पुण्याहून फोन येतो. जाऊबाई माझी चौकशी करत नाही, तब्येत विचारत नाही. "जवळ धर," एवढंच म्हणते. मी रिसीव्हर गाडीच्या घुमटाशी धरते, आणि आतून तिचा आवाज मलाही ऐकू येतो, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या."